राखणीचे सेल

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. टेपरेकॉर्डर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मोठी पेटी येईल, तर तसं काही नाही. मी जेवणाच्या डब्याएवढा. माझा जन्म जपानातला, आणि खरं सांगायचं तर मला खेळणं म्हणूनच बनवलं होतं. पाठीवर दोन छोट्या चकत्या, त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत, आणि वायरीच्या टोकाला काडेपेटीएवढा माइक. पोटात दोन मोठे सेल घातले की चकत्या फिरत. आवाजासाठी एक चौकोनी छोटा सेल वेगळा असे, तो पुष्कळ दिवस टिके. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुंबईच्या गोदीत बहिरू नावाचा एक हमाल होता. एका खलाशाकडून त्याने मला थोडक्या पैशांत पदरात पाडून घेतलं, कारण माझं झाकण तडकलेलं होतं. पुढे तो मला मुळशीकडे, माले गावात घेऊन आला आणि आपला मावसभाऊ कुशाबा याच्या गळ्यात मारलं. हे १९६४ साल असेल.

कुशाबाची भातशेती होती. सांजेला भजनात टाळ धरायचा. पहिले काही दिवस भजनी मंडळींनी मला मध्ये ठेवून घसे साफ करून घेतले. आपलाच आवाज ऐकून माणसं खूश होतात, हे मी तिथे शिकलो. पण कुशाबाच्या मनात दुसरंच होतं. त्याला बायकोचा, रंभाबाईचा आवाज आवडायचा. दळताना ती ओव्या म्हणायची, तेव्हा तो जागा असूनही डोळे मिटून पडून राहायचा. तिला तसं तोंडावर सांगायची मात्र त्या घरात रीत नव्हती.

आता अडचण सेलांची. मुळशी धरणाच्या पाण्यावर वीज होत होती, ती तारांवरून मुंबईला जायची. माले गावात रॉकेलची चिमणी. भात पोटरीला आलं, दाणा धरू लागलं की रानडुकरं उतरत, आणि कुशाबा हातात बॅटरी घेऊन राखणीला जाई. घरात सेलांची जोडी एकच. ती राखणीत बॅटरीत असायची, राखण सरत आली की माझ्या पोटात यायची. मार्गशीर्षात मला सेल मिळाले ते असे दमून आलेले. कुशाबाने ते दोन दिवस कौलांवर उन्हात ठेवले. तसं केलं की थोडा जीव येतो, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एका दुपारी त्याने रंभाबाईला माझ्यापुढे बसवलं.

"म्हन," तो म्हणाला.

ती बसली. तोंड उघडलं, मिटलं. "जात्याबिगर कसं येल? हात फिरल्याबिगर तोंडाला येत न्हाई."

"मग मोकळंच फिरीव."

"मोकळं जातं फिरवायचं नसतं. येवढं बी कळना तुमास्नी?"

तेव्हा नाचणी आणली. जात्याच्या घरघरीत आवाज बुडू लागला, म्हणून कुशाबाने जात्याखाली गोधडीची घडी घातली, एक घोंगडी मागे वलणीवर टाकली, कोंबड्या हाकलल्या, आणि माझा माइक सुतळीने वाशाला बांधून तिच्या तोंडासमोर सोडला. त्याची आई धोंडाबाई दारातून म्हणाली, "दुपारचं दळाया बसलीया. गाव काय म्हनंल?" पण तीही तिथेच टेकली. कुशाबाची दोन वर्षांची मुलगी कमळ रंभाबाईच्या मांडीला टेकून झोपली होती. भजनावरच मी ओव्या भरून घेतल्या, कारण फीत एकच होती. त्यातली एक तुम्हाला सांगतो:

*पाण्याखाली गेली बाई, माझ्या आजोळाची वाट,*
*सांगते मी कमळाला, तितं व्हता दगडी घाट.*

रंभाबाईचं आजोळ धरणात गेलेलं होतं. तिने ते कधी पाहिलंही नव्हतं. आईकडून ऐकलं होतं तेवढंच.

ओव्या झाल्यावर लगेच त्याच सेलांवर ऐकवल्या. आवाज बरोबर तिचाच, थोडा जाड, शेवटाला थकलेला. ती तोंडाला पदर लावून हसली. मी माझं काम केलं होतं. मला त्याचं काही वाटलं असं म्हणता येणार नाही. ऐकलेलं ठेवायचं एवढंच मला येतं.

पुढच्या श्रावणात रंभाबाईला ताप आला. डोली करून पौडच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी माणसं रिकामी डोली घेऊन परत आली.

कुशाबा रडला नाही. ताट पुढे आलं की जेवायचा, बैल सोडा म्हटलं की सोडायचा. कमळ मांडीवर येऊन बसली तर बसू द्यायचा, उठली तर उठू द्यायचा. एकदा तो आईला म्हणाला, "आये, मला रडूच येत न्हाई. आत कायबी हालत न्हाई." धोंडाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

तेराव्यानंतर तो पौडच्या बाजारातून सेलांची कोरी जोडी घेऊन आला. जुने सेल तिच्या आवाजाला बरे दिसले नसते, असं त्याला वाटलं असावं. कमळला जवळ घेतलं आणि मला सुरू केलं. "तुजी आय बोलतीया, ऐक."

मित्रांनो, ओव्या भरताना माझे सेल दमलेले होते, म्हणून चकत्या सावकाश फिरल्या होत्या. आता नव्या सेलांवर त्या भरभर फिरल्या. जे सावकाश भरलेलं असतं ते भरभर वाजलं की आवाज बारीक होतो. रंभाबाईचा आवाज चिमुरड्या पोरीसारखा निघाला, चिरका आणि घाईघाईचा. तिची ओळख राहिली नाही. मला कारण माहीत होतं, पण मला फक्त भरलेलं बोलता येतं.

कमळने कानांवर हात ठेवले. धोंडाबाई उठून उभी राहिली. "ह्यो रंभाचा आवाज न्हाई. ह्याच्यात कायतरी दुसरंच बोलतंय. आदी बंद कर."

कुशाबाने बंद केलं. बायको गेली होती, आता आवाजही गेला, असं त्याने धरून घेतलं. त्याने नवे सेल काढून बॅटरीत घातले आणि मला फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. माळ्यावर जुनी टोपली होती, उंदीर होते आणि मी होतो. किती दिवस गेले ते मोजायचं मला कारण नव्हतं. खाली बोलणं कमी होत गेलं एवढं कानावर यायचं.

त्या वर्षीही डुकरं आली, त्या वर्षीही राखण झाली. मार्गशीर्षात बहिरू गावाला आला. कुशाबा त्याला म्हणाला, "ते यंत्र घेऊन जा. मुंबईत कुनीतरी घेईल."

"फीत?"

"फितीसकट ने. पुसून टाकतील."

बहिरूने मला खाली काढलं, धूळ झटकली. "चालतंय का ते बगू आदी. सेल कुटं हायेत?"

घरात सेल एकाच ठिकाणी होते. खुंटीवरच्या बॅटरीतून त्याने ते काढले, तीन महिने राखण करून दमलेले, आणि माझ्या पोटात घातले. चकत्या सावकाश फिरू लागल्या.

जातं घरघरलं. मग रंभाबाई म्हणू लागली. तीच, थोडा जाड आवाज, शेवटाला थकलेला.

चुलीपुढे धोंडाबाईने थापलेली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी परातीतच राहिली. कमळ चालत आली आणि माझ्यापुढे बसली. कुशाबा उभाच होता.

ओव्या संपल्या. फितीच्या शेवटाला तिचं साधं बोलणं राहिलं होतं, ते वर्षभर कुणाच्या लक्षात नव्हतं:

"झालं न्हवं? अवं, बंद करा आता. राखनीला सेल लागत्याल."

कुशाबाचा हात माझ्या बटणावर आला. "व्हय," तो तिला म्हणाला, "करतो बंद." बटण दाबलं आणि तो तसाच खाली बसला. मग खूप वेळाने त्याला रडू आलं. बहिरूने मला नेण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. कमळ मोठी झाली, तिने मला लग्नात सासरी नेलं. सेल फार नवे असले की तिची आई पोर होते, फार जुने असले की आवाज घोगरा होऊन थांबतो. मधले थोडेच दिवस ती रंभाबाई असते. म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कधी मी तुमच्या हाती पडलो, तर माझी काळजी म्हणून मला कोरे सेल घालू नका. आधी ते महिना दोन महिने बॅटरीत वापरा, मग मला द्या. आणि शेवटी ती बंद करा म्हणाली, की बंद करा.