बेल वाजते, कोण उठेल?

औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्या गृहस्थाला मोबाइलवरची गोष्ट लिहायचं काम मिळालं आणि तो जमिनीपासून दोन बोटं वरून चालू लागला. गोष्ट साध्या घराची. फक्त प्रत्येक वळणावर पुढं काय व्हावं ते वाचकानं निवडायचं. कंपनीच्या संपादिकेची अट एकच: निदान एक शेवट गोड हवा. तो संध्याकाळी सहापर्यंत आला नाही, तर काम दुसऱ्याला.

पाच वाजता भिंतीवर एकशे बारा चिठ्ठ्या होत्या आणि त्यांना जोडणारी आईची लोकर. भांडणाकडे जाणाऱ्या वाटेला लाल, गोड शेवटाला हिरवी. लाल संपली म्हणून आईच्या स्वेटरची तयार बाही उसवावी लागली होती. हिरव्या गुंड्याचं वेष्टनही फुटलं नव्हतं.

पहिली चिठ्ठी: 'दारावरची बेल वाजते. कोण उठेल?' आई उठली तर गुडघे, गुडघ्यांवरून डॉक्टर, डॉक्टरवरून वर्षभर न फिरकलेला थोरला भाऊ. बायको उठली तर दूध उतू. मुलीनं कानातल्या वायरी काढेपर्यंत बेल वाजवणारा म्हातारा. पुढं सगळीकडे लाल.

घरच्यांनी खेळून पाहिलं. आईनं तिन्ही वेळा मनसोक्त भांडण गाठलं आणि गोष्ट झकास असल्याचं सांगितलं. मुलीनं विचारलं, हे सगळं कल्पनेतलं आहे ना? त्यावर तो एक चिठ्ठी सरळ करू लागला.

बायको मात्र हातातल्या उलथन्यानं एकेक धागा तपासत होती.

"अहो, यात तुम्ही कुठं आहात?"

"मी खुर्चीत. मी लेखक आहे."

तिनं गॅस बंद केला, चपला घातल्या आणि चालती झाली. मिनिटभरात बेल वाजली.

"अगं, बघ गं कोण आहे ते," तो सवयीनं म्हणाला. मग कुणाला म्हणालो, याचा विचार करू लागला.

मुलीनं मान वर न करता कळवलं की गोष्टीतली तिची वाट सध्या बंद आहे. आईनं गुडघ्यावर हात ठेवला. बेल पुन्हा वाजली. घड्याळात पावणेसहा. तो भिंतीकडे बघत राहिला, आणि एकशे बारा चिठ्ठ्यांत कुठंच नसलेली गोष्ट त्यानं केली. तो उठला.

दारात बायको, उलथन्यासकट.

"लेखक आहेत का घरात?"

त्याला हसू फुटलं, तिलाही. आत मुलगी खिदळत हिरव्या गुंड्याचं वेष्टन दातांनी फाडत होती. त्यानं चिठ्ठी लिहिली: 'बाबा उठतात.' सहाला दोन मिनिटं असताना गोष्ट संपादिकेकडे गेली.

तो धापकन खुर्चीत बसणार, तोच आई म्हणाली,

"उठलाच आहेस तर चहा टाक. आणि माझी बाही कोण विणणार?"