रिकामी टाकी

फिटर टाकीच्या तोंडावर मांडी घालून बसला. जुन्या बार्जच्या डेकवरचं ते भोक जेमतेम एक माणूस उतरेल एवढं. त्याच्या बुडाने ते जवळजवळ बुजलं. खाली, शिडीच्या पायथ्याशी, त्याचा मेव्हणा पडला होता. समोर सासरे उभे होते. जहाजं दुरुस्त करणाऱ्या त्याच यार्डात ते रंगारी होते, आणि रंगाचा ब्रश अजून त्यांच्या हातात होता.

“जावईबापू, उठा.”

“नाही, मामा.”

मेव्हण्याला सगळं यार्ड हिरो म्हणायचं. टाकीचं झाकण नुकतंच उघडलं होतं. वाऱ्याने त्याची टोपी उडून आत पडली, आणि टोपीशिवायचा हिरो ही कल्पना त्याला स्वतःलाच सोसवेना. “आलोच, दाजी,” म्हणून तो उतरला. टोपी उचलली, घातलीसुद्धा. मग शिडीला हात लावला आणि जेवणानंतर पेंगुळलेल्या पाहुण्यासारखा हळूच खाली बसला, कलंडला. ओरडला नाही, धडपडला नाही.

टाकी रिकामी होती. तळाशी थोडं खारं पाणी, चहूबाजूंनी गंज आणि बाकी हवा, असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. सेफ्टीच्या मॅडमनी तसं नसतं हे सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. लोखंड गंजतं म्हणजे हवेतला प्राणवायू खातं. थंडीत बेताने खातं; उन्हाळ्यात, ओल आणि मीठ तोंडी लावायला मिळालं की अधाशासारखं. उन्हाळाभर बंद राहिलेल्या टाकीत माणसासाठी काही उरत नाही. त्या दिवशी फिटरने कॅन्टीनमध्ये मॅडमची नक्कल केली, हातवाऱ्यांसकट. लोक खूश झाले म्हणून पुढेही करत राहिला. त्यामुळे अख्ख्या यार्डात तो धडा त्या एकट्याला पाठ होता.

“उठा म्हणतो ना. पोरगं पडलंय माझं आत.”

“आत हवा नाहीये, मामा. हवा सोडायचा ब्लोअर आणायला माणसं धावलीत. मॅडम हवेची बाटली घेऊन येतायत.”

“एवढी मोठी रिकामी टाकी. हवा नाही तर काय आहे तिच्यात?”

“गंज.”

“तू उठतोस का नाही?”

लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी त्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती. ‘अहो’वरून ‘अरे’वर यायला त्यांना एक श्वास पुरला, तिथून पुढे, शेजारच्या बोटीवरचे खलाशी कान टवकारतील अशा शब्दांवर ते त्याहूनही लवकर पोचले. त्यांनी त्याचे केस धरून ओढले. खांद्याखाली हात घालून उचलून पाहिलं. फिटरने दोन्ही हातांनी भोकाची कड घट्ट धरली.

खरं तर हिरो पडताच सगळ्यात आधी फिटरचाच पाय आत गेला होता. पहिल्या पायरीवर त्याला स्वतःचीच नक्कल ऐकू आली: एक पडला की दुसरा उतरतो, आणि दुसऱ्यामागे तिसरा. कॅन्टीनमध्ये सगळ्यात मोठा हशा याच वाक्याला यायचा.

“सख्खा भाऊ असता, तर बसला असतास असा?”

मांडीच्या फटीतून फिटरला खाली टोपी दिसत होती. ती हलतेय की त्याचेच डोळे हलतायत, ते कळत नव्हतं.

सासरे गुडघ्यांवर बसले आणि त्याची बोटं एकेक करून सोडवू लागले. ती सुटेनात, तेव्हा त्यांनी त्याच्या मनगटाच्या वर दात रोवले. फिटरने डोळे मिटले, पण कड सोडली नाही.

ब्लोअर आला. मॅडम म्हणाल्या, “उठा आता.” तर त्याला उठता येईना, पाय बधिर झाले होते. दोघांनी त्याला काखेत धरून बाजूला ठेवलं. पाठीवर बाटली बांधलेला माणूस खाली उतरला. हिरोला दोराने वर घेतलं. टोपी डोक्यावर होती.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काही बोलले आणि पुन्हा आत गेले. सासरे थोडा वेळ दाराशी उभे राहिले. मग बाकावर येऊन बसले. बाकावर फिटर होता, त्याच्या शेजारी.

नर्सला फिटरच्या बाहीवरचं रक्त दिसलं. तिने बाही वर सरकवली.

“हे काय? कुत्रं चावलं?”

फिटरने बाही पुन्हा खाली ओढली.

“अहो, कशाने झालं ते सांगा. त्याशिवाय इंजेक्शन कुठलं देऊ?”

“मी चावलोय,” सासरे म्हणाले.

नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि कापूस घेतला.

“नीट बांधा,” सासरे समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. “आमच्या घरात आता हे एवढेच आहेत.”