घरचं पिंप

"ए बळीराम, हात नको लावू! कालच भरलंय!"

व्हेरोनिकाबाई हातातला कोयता तसाच घेऊन धावत आल्या, तोवर पिंप आडवं झालं होतं आणि पाणी केळींच्या बुंध्याशी चाललं होतं.

"कालचं कसलं बाई? आठवड्याचं आहे. ही बघा पिल्लावळ, कशी वळवळतेय!"

"स्वतःच्या घरी ओततोस काय रे असं?"

"आमच्याकडे शिळं पाणी राहतच नाही," बळीराम म्हणाला आणि खडूने दारावर तारीख टाकून निघाला.

आता हा माणूस काही खोटारडा नव्हे. बावीस वर्षं मलेरिया खात्यात. आगाशीतलं एक दार त्याने सोडलं नसेल. पोरं त्याला डासमामा म्हणत, तोही ओ देई. त्यात २००६ साल. चिकुनगुन्यानं घराघरात माणसं पाडली होती. धडधाकट गडी कंबरेत वाकून, भिंत धरून चालत होते. असल्या दिवसांत तो धडधडीत खोटं बोलला, कारण खरं बोलायची सोय उरली नव्हती.

त्याची लेक उन्नती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा लागला होता. नळ एक दिवसाआड, तोही रडतखडत. म्हणून बळीरामच्या आईने, धोंडूबाईने, पडवीतलं मोठं निळं पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं. एका सकाळी बळीरामने सवयीने झाकण उचललं. आत अळ्या. तो हसलाच. त्याने पिशवीतून औषधाची बाटली काढली.

"काय टाकतंस?" धोंडूबाई गरजली. "बाळंतीनीच्या न्हानीचं पानी हाय ते! औषध घातलेलं पानी तान्ह्या बाळाच्या अंगाव घालू मी?"

"आई, काही होत नाही त्यानं."

हे वाक्य त्याने हजार घरांत म्हटलं होतं. काळजी करू नका, पोटात गेलं तरी काही होत नाही, असं लोकांना तोंड भरून सांगितलं होतं. पण त्या सकाळी हात पुढे होईना. लोकांच्या नातवंडांचं ठीक आहे हो, हे आपलं पहिलंच! त्याने बाटलीचं बूच परत लावलं. नळ नीट आला की ओतून टाकू, म्हणाला. आज, उद्या, परवा करता करता तीन आठवडे गेले. व्हेरोनिकाबाईंचं पिंप त्याने ओतलं ते याच दिवसांत.

मग उन्नतीला ताप भरला. बोटं, घोटे टम्म सुजले. दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या. विरारच्या दवाखान्यात मुलगा झाला, रडला खणखणीत. जावई जितेंद्र पेढे घेऊन आला, धोंडूबाईने सगळ्या आळीत वाटले.

चौथ्या दिवशी बाळाने दूध सोडलं. अंग तापलं, झटके आले, नाक आणि हातपाय काळवंडले. मुंबईच्या इस्पितळात सतरा दिवस काढले. तिथला डॉक्टर बाहेर येऊन शांतपणे म्हणाला, "आईच्या अंगात ताप असतानाच बाळंतपण झालं. तो बाळात उतरला. मेंदूला सूज होती. जगेल तो. पुढचं आत्ता सांगता येत नाही."

बळीरामने मान हलवली. घरी येऊन पिंप ओतलं, घासलं, उपडं घातलं. रडू काही आलं नाही. भूक लागत होती, झोप लागत होती, याचीच त्याला शरम वाटायची. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा लोकांची पिंपं ओतू लागला.

बाळाचं नाव विघ्नेश ठेवलं. सहा महिने झाले तरी मान धरेना. खुळखुळा डावीकडे वाजवा नाहीतर उजवीकडे, डोळे आढ्याला. धोंडूबाईने कारण शोधून ठेवलं होतं. येईल त्याला सांगे, "पोरीनं गिरान पाळलं न्हाय. नववा महिना, आनि गिरानात सफरचंद चिरत बसली! सांगून कोन ऐकतंय?"

फेब्रुवारीतल्या एका दुपारी चौकटीशी उभ्या असलेल्या शेजारणीला ती हेच सांगत होती. बळीराम पानावर बसला होता. उन्नती बाळाच्या तोंडातून ओघळलेली लाळ पुसत होती. शेजारीण गेल्यावर ती सरळ म्हणाली, "आजी खरं बोलते, बाबा. मीच चिरलं ते सफरचंद. भूक लागली होती हो मला."

बळीरामचा घास हातातच राहिला. पोरगी सहा महिने हे उरावर घेऊन बसली होती, आणि आपण रोज समोर बसून जेवत होतो! त्याला आपलाच संताप आला.

"सफरचंदाचं काही नाही गं," तो म्हणाला. "पिंपात अळ्या होत्या. तुझ्या तापाच्या तीन आठवडे आधी. मी बघितल्या होत्या."

"तुम्ही बघितल्या?"

"औषध हातात होतं."

"मग टाकलं का नाही?"

"आपल्या बाळाच्या अंगावर नको वाटलं."

औषध टाकताना धोंडूबाईनेच अडवलं होतं, हे तो बोलला नाही, बोलणारही नव्हता. आता पोरगी ओरडेल, ताट भिरकावेल, जितेंद्रला फोन करून कायमची निघून जाईल, असं त्याला वाटलं. तेही चाललं असतं.

उन्नती उठली आणि तिने विघ्नेशला त्याच्यासमोर धरलं. सहा महिन्यांत बळीरामने नातवाला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

"हात धुवा आणि याला घ्या," ती म्हणाली. "मानेखाली तळवा ठेवा. घट्ट नको."

तो हात धुऊन आला. तिने बाळ त्याच्या मांडीवर दिलं, स्वतः पान वाढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. थोड्या वेळाने, मागे न बघता, तिने ताट आजीकडे सरकवलं.

"आजी, भात वाढ अजून."

बळीराम पाय अवघडले तरी हलला नाही.