गहुंज्याच्या मैदानाची ओटी

ऐका मंडळी, ही एका शेंडीवाल्याची कहाणी आहे. मी एक नारळ. मला तीन डोळे आहेत, पण कान एकही नाही असं माणसांना वाटतं. म्हणूनच ती माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात.

माझा जन्म दूर कर्नाटकात, समुद्राजवळच्या एका उंच झाडावर झाला. तिथून मी पोत्यात, पोत्यातून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून पिंपरीच्या बाजारात अजिमभाईंच्या दुकानात आलो. तिथे माणसांची एक सवय मला कळली. नारळ घेणारा प्रत्येक जण तो कानाशी धरून हलवतो आणि डॉक्टरसारखा चेहरा करतो. आत काय ऐकू येतं, ते त्याचं त्यालाही सांगता येत नसावं. पण हलवल्याशिवाय घेतला, तर नारळाचा नव्हे, स्वतःचाच अपमान झाल्यासारखं वाटतं त्यांना.

मला हलवलं ते रहाटणीच्या कुसुमताईंनी. बराच वेळ हलवलं. अजिमभाई शेवटी म्हणाले, "ताई, पाणी आहे हो, आता त्याचं ताक करू नका."

"नवसाचा आहे, अजिमभाई. बघूनच घेणार."

तो नवस असा. कुसुमताईंची लेक निशिगंधा चेंडू टाकते, म्हणजे बोलिंग करते. गेल्या वर्षी तिचा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी मान हलवली. ताईंनी त्याच दिवशी देवीपुढे हात जोडले. "आई, माझी पोर त्या गहुंज्याच्या मोठ्या मैदानावर उतरू दे. ती उतरेल त्या दिवशी पहिला चेंडू पडायच्या आत मी त्या भूमीची खणानारळानं ओटी भरीन. कुणाच्या खासगी गाडीत बसणार नाही. जत्रेला जातात तशी, चार लोकांबरोबर, सगळ्यांच्या गाडीनं येईन."

देवीनं ऐकलं. गुडघा बरा झाला. निशिगंधा बायकांच्या राज्य स्पर्धेत आपल्या पुण्याच्या संघात निवडली गेली. पण निवडली म्हणजे खेळवली असं नसतं. ती बाकावर बसली आणि मी देवघरात बसलो. एक सामना झाला, दुसरा झाला. ताई रोज मला हळदीकुंकू लावून विचारायच्या, "आज तरी?" मी काय सांगणार! माझ्या शेजारी बाळकृष्ण होता, त्यालाही माहीत नव्हतं.

आणि मग एका गुरुवारी रात्री फोन आला. "आई, उद्या खेळतेय मी. पहिली ओव्हर माझीच असेल बहुतेक."

ताईंनी आनंदानं फोनच देव्हाऱ्यासमोर ठेवून नमस्कार केला.

शुक्रवारी सकाळी ओटीची पिशवी भरली. खण, तांदूळ, हळदीकुंकू, हळकुंड, सुपारी आणि मी. ताईंचे मालक धनेशराव चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला गेले होते. सोबतीला निघाली शेजारची जमिला. तिचे मालक इब्राहिमभाई मेकॅनिक. ते म्हणाले, "भाभी, गॅरेजला टेम्पो उभा आहे. अर्ध्या तासात सोडतो."

"नको भाऊ. नवस आहे."

"यांच्या देवीला टेम्पो चालत नाही," जमिलानं नवऱ्याला समजावलं. "बस चालते. आणि मला ऊन चालतं का, ते कुणी विचारलेलंच नाही."

तर आम्ही निघालो. रहाटणीच्या स्टॉपवर बस आली, ती आधीच पोटभर जेवून आल्यासारखी. ताईंचा एक नियम होता: ओटीचा नारळ खाली ठेवायचा नाही. आता एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पर्स आणि ओटीची पिशवी, मग दांडा धरायचा कशानं? ताई जमिलाला धरून उभ्या राहिल्या आणि जमिलानं दांडा धरला. बस वळली की आम्ही तिघंही वळायचो.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, नारळ पिशवीत ठेवून पिशवी खाली ठेवा की."

"ओटीचा आहे."

एका बाईला उठवून त्यानं ताईंना जागा करून दिली. उठलेली बाई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिच्या जागेवर बसलोय. तसं खरंच होतं ते.

पिंपरी स्टेशनवर लोणावळ्याकडे जाणारी लोकल धरायची होती. दुपारच्या गाड्या मोजक्याच, त्यामुळे फलाटावर बरीच गर्दी. गालावर रंग फासलेल्या मुली, शिट्ट्या, पुठ्ठ्याचे फलक. ताईंचा उपास होता. समोर वडे तळत होते. ताईंनी तिकडे पाठ केली. जमिलानं मात्र दोन वडे घेतले आणि ताईंच्या पाठीमागे उभं राहून खाल्ले. "तुम्हाला दिसू नये म्हणून," ती म्हणाली.

"वास येतोय गं मेले!"

गाडीत बसल्यावर समोर एक मिशीवाले गृहस्थ आले. डोक्याला भगवा फेटा, कोल्हापूरची ऐट. नाव सोपानराव. त्यांची पुतणी समोरच्या संघात होती.

"वहिनी, नारळ टीमला का?" त्यांनी विचारलं.

"नाही. मैदानाला."

"म्हणजे दोन्हीकडचा?"

ताईंनी थोडा विचार केला. "जमीन दोघींचीही आहे. त्यामुळं हो."

"मग आमचाबी हात लागू द्या." सोपानरावांनी माझ्या शेंडीला हात लावून डोळ्याला लावला. ते बघून शेजारच्या रंगवलेल्या गालांच्या मुली उठल्या. "काकू, आम्हीपण!" मग पलीकडची बाकं उठली. आकुर्डी येईपर्यंत अर्ध्या डब्यानं मला नमस्कार केला. कुणी जिंकायला, कुणी हरवायला, आणि एका मुलानं चक्क परीक्षेसाठी. माझ्यावरचं सगळं कुंकू लोकांच्या कपाळी गेलं आणि डबा हळदीकुंकवाला आल्यासारखा दिसू लागला. जमिला म्हणाली, "ताई, आता उतरताना पाया पडायला लाइन लागेल बघा."

देहूरोडला उतरलो. बाहेर एक रिक्षावाला ओरडत होता, "स्टेडियम, स्टेडियम, एकच सीट बाकी!" त्या दोघी आणि मी, तिघं त्या एकाच सीटवर बसलो. त्याचं नाव रणजीत. त्यानं वाऱ्यासारखी रिक्षा पळवली आणि एका जागी थांबवून बोट दाखवलं. "ते बघा."

खरंच, समोर मैदान होतं. मोठमोठे दिव्यांचे खांब, गोल भिंत, झेंडे. फक्त मधे सुसाट गाड्यांचा मोठा रस्ता होता आणि दोन्ही कडेला कुंपण.

"अरे भाऊ, पलीकडं कसं जायचं?"

"पलीकडं? पलीकडं जायचं असतं तर पलीकडची रिक्षा घ्यायची ना मावशी. मी अलीकडचा." आणि तो गेला.

ताईंनी वर सूर्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आत मैदानात भोंग्यावर नाणेफेक झाल्याचं सांगत होते. ताईंच्या तळहाताला घाम आला. मला तो कळत होता, कारण मी त्याच हातात होतो. "जमिला, उशीर झाला तर गं? नवस मोडला आणि पोरीचा गुडघा पुन्हा..."

"असं बोलायचं नाही. चला. इथून पाणी जायची मोरी असणार, म्हणजे माणूसही जातो."

जमिलाचं खरं निघालं. रस्त्याखालून एक मोरी होती. साडी आणि सलवार वर धरून, मला डोक्याच्या उंचीवर धरून, दोघी वाकून पलीकडे निघाल्या. एका म्हशीनं आम्हाला वाट दिली. मैदानात जाणाऱ्या माणसांत म्हशीइतकं सभ्य मला दिवसभरात कुणी भेटलं नाही.

आणि अखेर गेट. गेटाशी लोखंड हुंगून वाजणारी कमान, टेबल, आणि टेबलापाशी नारिंगी चमकतं जाकीट घातलेल्या एक बाई. त्यांच्या छातीवर नाव होतं, सोजरबाई. टेबलाशेजारी जप्त सामानाचा ढीग पडला होता: पाण्याच्या बाटल्या, अत्तरं, कंगवे, एक लाटणं. ते लाटणं कुणी आणि का आणलं असेल, हे मला आजही कळलेलं नाही.

सोजरबाईंनी पिशवी तपासली आणि ताईंच्या हातातून मला उचललं. "ह्ये काय?"

"नारळ. ओटीचा."

"आत न्हाई जायचा ताई. फेकला तर मानसाचं डोस्कं फुटंल."

"अहो, मी फेकणार नाही हो! ओटीचा नारळ कोण फेकतं?"

"तुमी न्हाई फेकनार, पर वरचं सायेब मला फेकत्याल. सुपारी बी न्हाई. डोळा जाईल कुनाचा."

"सुपारीनं?" जमिला म्हणाली. "मग आमच्या मोहल्ल्यात सगळे आंधळेच असायला पाहिजेत."

मागे रांग वाढत होती. ताईंनी हात जोडले आणि सगळं सांगितलं, गुडघ्यापासून देवीपर्यंत. आत भोंग्यावर खेळाडूंची नावं सुरू झाली. "निशिगंधा..." ताईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला टाकून आत गेल्या तर नवस मोडतो. मला धरून बाहेर राहिल्या तर लेकीचा पहिला चेंडू दिसत नाही, आणि नवसही तसाच राहतो.

सोजरबाईंनी पायाखाली बघितलं. मग म्हणाल्या, "मैदानाचीच ओटी भरायचीया न्हवं? मग जमीन काय ह्या गेटापाशी तुटलीया व्हय? हितंच भरा की. गेटाच्या आतली आन भायरची भूई येकच हाय."

ताईंचा चेहरा उजळला. दोघी लगेच माती शोधायला लागल्या. पण सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले. भिंतीपाशी सिमेंट, झाडाच्या बुंध्याला सिमेंट. जिथे थोडी माती दिसली, तिथे वर बाटल्यांचा ढीग. तेवढ्यात माझ्या तीन डोळ्यांना एक गोष्ट दिसली आणि ताईंनाही त्याच क्षणी दिसली. सोजरबाईंच्या काळ्या बुटांना काठाकाठानं लाल माती चिकटून वाळली होती.

"तुम्ही इथल्याच का?" ताईंनी विचारलं.

"व्हय. त्या भिंतीच्या पल्याड आमचं वावर हाय. सकाळच्याला तिथनंच आले."

"मग तुम्हीच घ्या ओटी. इथल्या भूमीच्या तुम्ही."

सोजरबाई एकदम मागे सरल्या. टेबलाला धक्का लागून ते लाटणं खाली पडलं. "मी? न्हाई ताई. मालक गेल्यात माझं. माझी कोन भरतंय ओटी. दुसरी कुनीतरी सवाष्ण बघा."

कुसुमताई तशाच उभ्या राहिल्या. एकवीस मंगळवार, सोळा सोमवार, चुकून एकादशीला भात शिजला तर दिवसभर हळहळणारी ही बाई. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. देवीला काय विचारलं ते मला कळलं नाही; देवीनं काय सांगितलं तेही नाही. डोळे उघडून त्या एवढंच म्हणाल्या, "माती कुठं विचारते, मालक आहे की गेला? पेरलं की उगवते. पदर पसरा, सोजरबाई."

"पदर कुठनं आनू? पँट घातलीया मी."

"मग ते जाकीट पसरा."

सोजरबाईंनी दोन्ही हातांनी जाकिटाचा घेर धरला. ताईंनी त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले, खण ठेवला, हळकुंड, सुपारी, आणि त्यावर अलगद मला ठेवलं. वाकून नमस्कार केला.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, आमचं चेकिंग कधी?"

"थांबा की जरा!" सोजरबाई रडत ओरडल्या. "ओटी चाललीया!"

आणि रांग थांबली. एका मुलीनं तर चप्पल काढली.

आतून मोठा गलका झाला. खेळ सुरू होणार होता. जमिलानं ताईंचा हात धरून त्यांना कमानीतून अक्षरशः ढकललं. ताईंच्या साडीच्या पिनेनं कमान वाजली, तरी सोजरबाईंनी "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणून हात हलवला. दिवसातला त्यांनी मोडलेला तो एकमेव नियम.

मी उरलो सोजरबाईंच्या खुर्चीत, खणावर बसून. गेटापाशी मैदान दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. गलका झाला की सोजरबाई वाकून मला विचारायच्या, "काय झालं रं? आउट का?" मला तरी काय माहीत!

संध्याकाळी दोघी बाहेर आल्या. जमिलाचा घसा बसला होता. ताईंचा चेहरा बघून कळेना, जिंकलं की हरलं.

"हरलो," ताई म्हणाल्या. "पहिला चेंडू वाइड. दुसऱ्यावर चौकार. पण सोजरबाई, काय पळाली हो माझी पोर! चौकार अडवायला सीमेपर्यंत पळाली, पडली आणि उठून पुन्हा पळाली. गुडघा कसला न् काय! एक विकेट पण काढली शेवटी."

"मग नवस पावला म्हनायचा."

"पावला तर! नवस खेळण्याचा बोलले होते, जिंकण्याचा कुठं बोलले? चूक माझीच." ताईंनी तिथेच गेटाकडे तोंड करून हात जोडले. "आता बोलते. पुढच्या वर्षी जिंकल्या पोरी, तर पाच नारळांची ओटी भरीन."

"पाच?" सोजरबाईंनी कमरेवर हात ठेवले. "ताई, पाच आना न्हाईतर पन्नास आना. गेटाच्या आत येक बी सोडनार न्हाई मी!"

"आत कुणाला न्यायचेत?" कुसुमताई म्हणाल्या.

सोजरबाई हसल्या, आणि कपाळावरचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून घाम बाहीनं कडेकडेनं टिपत राहिल्या.

सध्या मी सोजरबाईंच्या स्वयंपाकघरात, फळीवर आहे. उद्या त्यांच्या वावरात पेरणी आहे. मला बांधावर फोडून कामावरच्या बायांना खोबरं वाटायचं ठरलंय, आणि अजिमभाईंच्या दुकानात इतकं हलवून बघितलेलं पाणी मातीत जाणार आहे. तेव्हा हा माझा राम राम समजा. जाता जाता एकच विनंती. सामन्याला जाल तेव्हा बसनं जा, लोकलनं जा, रिक्षा मात्र पलीकडची का अलीकडची ते विचारून घ्या. आणि गेटापाशी घाई करू नका. पुढच्या बाईचं काही चाललं असेल, तर थोडं थांबा.