सातव्याला तिसऱ्याचं कव्हर

वाचनालयाच्या संगीत विभागात काका एकोणतीस वर्षं तबकड्या पुसत होते. एवढ्या काळात त्यांचं एकच ठाम मत बनलं होतं, आणि तेही कुणाला सांगायची त्यांची छाती झाली नव्हती. त्या जगप्रसिद्ध गायकाचा सगळ्यात चांगला अल्बम म्हणजे सातवा.

जगाला तिसरा आवडायचा. त्यात ढोल होते, टाळ्या होत्या, कव्हरवर चकचकीत कोट घालून गायक उडी मारत होता. सातव्याच्या कव्हरवर नुसती रिकामी खुर्ची. आत एक पियानो, आणि रडून झाल्यावर माणूस जसा हळू, नीट बोलतो तसा आवाज. जाणकारांनी तेव्हाच निकाल दिला होता की गायकाचा घसा बसलाय. जाणकारांना घसा लगेच कळतो.

मग ग्रंथपालबाईंनी नियम काढला: पाच वर्षांत जी तबकडी कुणी नेली नाही, ती रद्दीत. सातव्याच्या कार्डावरचा शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा होता. तपासणीला तीन महिने उरले होते, आणि कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावावर काही नेता येत नसे. एक शिक्का मिळाला की काम झालं असतं. पण समोरच्याला "हे ऐकून बघा" म्हणायचं म्हणजे काकांच्या तोंडाला कुलूप.

म्हणून त्यांनी आयुष्यातला पहिला गुन्हा केला. दोन्ही तबकड्यांची कव्हरं बदलली. तिसरा समजून लोक सातवा नेतील, चमकतील, विचारतील, "काका, हे कुठलं?" मग खुर्चीचं कव्हर पुढे करायचं आणि शिक्का मारायचा.

अकरा जणांनी नेला. पहिल्या दहांपैकी चमकलं कुणीच नाही.

"ढोल काय वाजवलेत, काका," पोस्टमन म्हणाला.

"आमच्या लग्नात हेच लावलं होतं," शाळामास्तर म्हणाले.

"हेच?"

"हेच की. पाठ आहे मला."

तपासणीच्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई आली. तबकडी टेबलावर ठेवून म्हणाली, "काका, यात ढोल कुठंयत?"

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारीच ग्रंथपालबाई यादी घेऊन उभ्या होत्या.

"काही चुकलंय का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"चुकलं असेल तर दुरुस्त करू नका," शिवणवाली म्हणाली. "दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐकताना मशीन थांबवून बसले होते. परत न्यायचीय."

एकोणतीस वर्षं ज्या गिऱ्हाइकाची वाट पाहिली, ते समोर उभं होतं. आता खरं सांगावं, तर बाईंसमोर चोरी कबूल करायची. काकांनी घसा खाकरला, आणि तिसऱ्याच्या कार्डावर शिक्का मारला.

दुपारी खुर्चीचं कव्हर रद्दीच्या खोक्यात गेलं. आत काय आहे हे कुणी पाहिलं नाही. नको असलेली वस्तू उघडून बघायची पद्धतच नव्हती. जगाचा लाडका तिसरा ढोल-टाळ्यांसकट रवाना झाला.

"बघितलंत काका?" ग्रंथपालबाई कार्ड नाचवत म्हणाल्या. "तीन महिन्यांत बारा शिक्के. लोकांना काय आवडतं ते आपोआप कळतं. याची आणखी एक प्रत मागवते."

"नको," काका म्हणाले.

बाईंनी चष्मा खाली घेतला. काकांनी मत दिल्याचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"ही एकच चांगली आहे," काका म्हणाले आणि पुसायचं फडकं शोधू लागले.