स्वल्प म्हणजे किती भोकं

मी एक जुना कातडी पट्टा आहे, मित्रांनो. बंगळुरातल्या चिकपेटच्या एका बोळातून येलहंक्याच्या कृष्णमूर्तींनी मला कमरेला लावूनच घरी आणलं. माझं मधलं भोक त्यांना नेमकं बसायचं. आरशासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "मथुरा, कसा दिसतो?" बायको म्हणाली, "पट्टा चांगला आहे."

पट्ट्याला जग दिसतं ते पोटाच्या उंचीवरून. दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या खाल्लेला लोणी डोसा मी पाहिला नाही, पण मला कळला मात्र सगळा. होता होता शेवटचं भोकही अपुरं पडलं. मग कृष्णमूर्तींनी गॅसवर खिळा तापवून मला टोकाकडे नवं भोक पाडलं. चर्र झालं. मला कुतूहल एवढंच, की आत साठतंय तरी काय?

उत्तर दवाखान्यात मिळायचं होतं. रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "साखर स्वल्प जास्त आहे, कोलेस्टेरॉलही स्वल्प जास्त." आमच्या बंगळुरात स्वल्प म्हणजे थोडंसं. कृष्णमूर्ती खुशीत घरी आले. त्यांनी कॉफीतली साखर सोडली आणि त्या बदल्यात भातावर तूप वाढवलं.

"दोन्ही स्वल्पच आहे गं."

"तुमचं स्वल्प मला ठाऊक आहे. स्वल्प तूप म्हणता नि वाटी रिकामी करता." मथुराबाईंनी तुपाची वाटी उचलून घेतली. "थोरले भाऊजीही स्वल्पच म्हणायचे. हार्ट अटॅकनं गेले."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सोबत गेल्या. "स्वल्प म्हणजे किती, ते यांना सांगा."

डॉक्टरबाईंनी मला सोडायला लावून कंबर मोजली. "अण्णा, ही दोन वेगळी दुखणी नाहीत. पुरुषांची चरबी बहुधा पोटात साठते. मग शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. त्यानं साखर वाढते आणि रक्तातली चरबीही बिघडते. दोन स्वल्प मिळून हृदयाला भारी पडतात."

खुर्चीवर वेटोळं घालून मी ऐकत होतो. कुतूहल फिटलं, काळजी लागली.

गोळ्या सुरू झाल्या. तूप वाटीवरून चमच्यावर आलं. सकाळी तळ्याकाठी दोघांच्या फेऱ्या होऊ लागल्या. सावकाश मी एकेक भोक मागे आलो.

परवा खिळा पुन्हा तापला. मथुराबाई पिठाचे हात घेऊन धावत आल्या. "आता आणखी कुठे?"

"बकलाच्या बाजूला," कृष्णमूर्ती म्हणाले. "स्वल्प."

चर्र झालं. या खेपेला मी मुळीच कुरकुरलो नाही.

मित्रांनो, घरी बाबांचा पट्टा खुंटीवर असेल, तर कधी हातात घेऊन बघा. एरवी आम्ही बोलत नाही. काय सांगायचं ते भोकांनीच सांगतो.