मुनीराकडचं दार

मला गल्लीत सगळे बू शेखा म्हणतात, म्हणजे शेखाचा बाप. चाळीस वर्षं बहरीनमधल्या या मुहर्रक शहरातल्या घरांचे नकाशे मी हाताने काढले. आता ऑफिस शेखाचं आहे. ती नकाशे कम्प्युटरवरून नगरपालिकेला पाठवते आणि मी शेजारी बसून कुरकुर करतो.

त्या दिवशी लूलवा आली. आम्ही एकाच गल्लीत वाढलो. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण जिभेची धार तशीच. जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं होतं आणि तिची अट एकच होती: शेजारच्या मुनीराकडे उघडणारं दार राहिलं पाहिजे.

आमच्या जुन्या घरांना अशी दारं असायचीच. बायका रस्त्यावर न येता शेजारी जायच्या, ताटल्या द्यायच्या-घ्यायच्या, पोरं तिकडेच झोपून जायची. साखरेच्या आजारात मुनीराची नजर गेली, तरी पलंगापासून लूलवाच्या स्वयंपाकघरापर्यंतची अकरा पावलं मोजत ती एकटी यायची. रस्त्याने यायचं तर कोणीतरी हात धरायला हवा, आणि मुनीराने तो कोणाला कधी धरू दिला नाही.

शेखाने अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी परत आला: हद्दीवरच्या भिंतीत दार चालणार नाही. मग लूलवाने जुना नकाशा आणून दिला, मीच काढलेला. दारापाशी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'राहू द्या.' अक्षर पालिकेतल्या अब्दुलगफारसाहेबांचं. साहेब जागा बघायला स्वतः आले होते. कॉफी चालू असतानाच मुनीरा त्या दारातून बलालीतची ताटली घेऊन आली. गोड शेवया, वर अंडं. साहेबांनी दोनदा वाढून घेतलं आणि खिशातून पेन्सिल काढली. ते उग्र वासाचे, निळ्या रेघांचे कागद, ती वेलचीची कॉफी, ते साहेब. फार आठवण येते हो मला. शेखाने तो लाल शेरा स्कॅन करून जोडला. उत्तर तेच आलं, शब्दही बदलला नव्हता.

मग मी लबाडी केली. दाराच्या जागी भिंतीतलं कपाट दाखवलं. पाठीची फळी काय, मागाहून काढता आली असती. या वेळी नकाशा पहिल्या तपासणीतून झटक्यात सुटला. मी फुशारकीने लूलवाला सांगितलं.

"कपाट?" ती म्हणाली. "बू शेखा, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मुनीराला मी कपाटातून घरात घेऊ? चोरीचा माल आहे का ती?"

"अगं, कागदावरच कपाट."

"आणि उद्या कोणी तपासायला आलं, भिंत बुजवून गेलं, तर? ती मोजत येणार आणि कपाळ आपटून घेणार. तू येशील उचलायला?"

शेखा हसू दाबत म्हणाली, "खाला, एक वाट आहे. तुमची भिंत दीड मीटर आत घेतली तर दार चालतं. मुनीराखालांच्या भिंतीतलं दार जुनंच आहे, त्याबद्दल अर्जात रकानाच नाही. पण तुमची बैठक अरुंद होईल. मुलं नाराज होतील."

"मुलं तिकडे रिफ्फा शहरात राहतात. ईदला येतात, जेवतात, जातात. मुनीरा रोज येते. घे भिंत आत."

आठवड्याने मंजुरी आली. लूलवा बांधकाम होईपर्यंत थोरल्याकडे राहिली. दार राहिलंय, एवढंच तिने मुनीराला फोनवर सांगितलं होतं. भिंत सरकल्याचं नाही.

वर्षभराने घर उभं राहिलं. पहिल्या सकाळी मी तिथेच होतो. लूलवा नव्या दारात उभी होती. पलीकडून मुनीरा निघाली, हाताने भिंत चाचपत, ओठांत मोजत. अकरावं पाऊल टाकलं तेव्हा ती दोन घरांमधल्या उघड्या बोळात होती. तिने हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. तिचा चेहरा पार उतरला.

"लूलवा, तुझं घर कुठं गेलं गं?"

"इथंच आहे. तुला यायला वाट मिळावी म्हणून जरा मागे सरकलंय. आणखी तीन टाक."

मी तोंड फिरवून डोळे पुसले. मुनीराने तीन पावलं टाकली आणि लूलवाचं मनगट तिच्या हाताला लागलं. ते तिने घट्ट धरलं.

"चौदा," ती म्हणाली. "या वयात नवीन पाठ करायला लावतेस होय?"